ताण-प्रथिने आणि कर्कपेशींचा मृत्यू

उष्णता, प्राणवायूची टंचाई, विषारी द्रव्ये अशा संकटात पेशी जी रक्षक प्रथिने झपाट्याने बनवते, त्यांना ताण-प्रथिने किंवा ऊष्माघात प्रथिने (इंग्रजी आद्याक्षरांनी एचएसपी) म्हणतात. कर्करोगात ती गाठीतल्या पेशीला तगवतात आणि कधीकधी तिला पकडूनही देतात. या दुसऱ्या बाजूवर महाराष्ट्रात झालेले मोलाचे काम प्रतिकारशास्त्रज्ञ शुभदा चिपळूणकर यांचे आहे.

या प्रथिनांचा माग एका चुकीतून लागला. इटालियन शास्त्रज्ञ फेरुच्चो रितोसा यांच्या प्रयोगशाळेत फळमाशीच्या अळ्या ठेवलेल्या पेटीचे तापमान चुकून वाढले आणि अळ्यांच्या लाळग्रंथींतील गुणसूत्रांवर वेगळेच फुगवटे दिसले. त्यांनी हे १९६२ मध्ये प्रसिद्ध केले. त्यामागची प्रथिने १९७४ मध्ये ओळखली गेली. प्रथिनाची साखळी नेमक्या घडीत बसली तरच ते काम करते. उष्णतेने घडी विस्कटते, तेव्हा ताण-प्रथिने जवळ राहून ती पुन्हा बसवायला मदत करतात. नव्या नवरीबरोबर सासरी जाणाऱ्या पाठराखिणीचेच हे काम, आणि मराठीत त्यांना याहून चांगला शब्द सापडणे अवघड आहे.

पेशीचा मृत्यूही पुष्कळदा ठरलेल्या रीतीने होतो. केर, वायली आणि करी यांनी १९७२ मध्ये त्याला ‘अ‍ॅपोप्टोसिस’ हे नाव दिले. पेशी आक्रसते, केंद्रकातले द्रव्य गोळा होऊन तुटते, पृष्ठभागावर बुडबुडे येतात, शेवटी तिच्या लहान लहान पुड्या होतात आणि आसपासच्या पेशी त्या गिळून टाकतात. आजूबाजूला दाह होत नाही. कर्कपेशी नेमके हे मरण चुकवते. तिच्यात ताण-प्रथिने बहुधा मुबलक असतात आणि त्यांतले एचएसपी-७० मृत्यूची साखळी मध्येच अडवू शकते.

चिपळूणकर यांनी अभ्यासलेल्या एका रोगाचे मूळ इथे ओळखीचे आहे. रायगडच्या दक्षिण टोकाला, तुडीलपासून पोलादपूरच्या वाड्यांपर्यंत, मशेरी हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली ही तंबाखू पूड करून बोटाने दातांवर, हिरड्यांवर घासतात. तंबाखू हे मुखकर्करोगाचे मुख्य कारण आहे. चिपळूणकर यांनी मुखकर्करोग अभ्यासाला घेतला, याचे म्हणूनच इथल्या वाचकाला विशेष वाटावे.

लाड, थॉमस आणि फकीह या सहलेखकांसह १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चिपळूणकर यांच्या निबंधाचा विषय होता गॅमा-डेल्टा टी पेशी. टी पेशी म्हणजे शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी; रक्तातल्या टी पेशींत यांचा वाटा थोडा, साधारण १ ते १० टक्के. एचएसपी-६० हे प्रथिन एरवी तंतुकणिकेत राहते, पण मुखातील कर्कपेशींच्या पृष्ठभागावर ते आढळले आणि गॅमा-डेल्टा पेशींनी ते ओळखले. मारकक्षमता मोजण्याची रूढ पद्धत अशी : कर्कपेशींत किरणोत्सारी क्रोमियम भरायचे, त्यावर टी पेशी सोडायच्या आणि पेशी फुटून भोवतीच्या द्रवात किती क्रोमियम उतरले ते मोजायचे. एचएसपी-६० ला प्रतिपिंडाने झाकले की हा मारा मंदावला. पुढच्याच वर्षी अन्ननलिकेच्या कर्करोगावरील निबंधात रुग्णाच्या स्वतःच्या गॅमा-डेल्टा पेशी त्याच्याच गाठीतील पेशींना मारतात आणि त्यात ऊष्माघात प्रथिनांचा हात असतो, हे मांडले गेले. माझ्या मते या कामाचे खरे बळ इथे आहे : पुरावा रुग्णाच्याच पेशींतून आला.

हे संशोधन ज्या संस्थेत झाले तिची सुरुवात १९५२ मध्ये परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर म्हणून झाली. वि. रा. खानोलकर तिचे पहिले संचालक. कर्करोग-संशोधक कमल रणदिवे यांचे कामही इथलेच. संस्था १९६६ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालयाशी जोडली गेली. २००२ मध्ये ती रायगड जिल्ह्यातच, पनवेल तालुक्यातील खारघरला आली आणि ‘अ‍ॅक्ट्रेक’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचे संचालकपद चिपळूणकर यांनीही सांभाळले.

पुन्हा टी पेशींकडे वळू. त्या मारतात ते शत्रूच्या मरणाची यंत्रणा चालू करून. परफोरिन हे प्रथिन कर्कपेशीच्या पटलाला भोके पाडते, ग्रँझाइम आत शिरते आणि थोपवून धरलेला अ‍ॅपोप्टोसिस सुरू होतो. हाडांच्या आजारात वापरली जाणारी बिसफॉस्फोनेट गटातील औषधे दिलेल्या स्तनकर्क-पेशी गॅमा-डेल्टा पेशींना अधिक सहज बळी पडतात, हे धर आणि चिपळूणकर यांनी २०१० मध्ये दाखवले. मात्र सगळ्याच गॅमा-डेल्टा पेशी रुग्णाच्या बाजूच्या नसतात. पित्ताशयाच्या कर्करोगावरील २०१६ च्या निबंधात याच प्रयोगशाळेने दाखवले, की आयएल-१७ हे संदेशवाहक प्रथिन स्रवणाऱ्या गॅमा-डेल्टा पेशी गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात आणि अशा पेशी जास्त असलेल्या रुग्णांचे आयुर्मान कमी असते. त्यामुळे या पेशी उपचारासाठी बाहेर वाढवताना संख्येइतकाच त्यांचा प्रकारही तपासावा लागतो.