नाणेघाट

नाणेघाट : कोकण व दख्खनचे पठार यांना जोडणारा सह्याद्रीतील प्राचीन घाटमार्ग. ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात वैशाखरे गावाजवळून ही पाऊलवाट रानात शिरते आणि अरुंद खिंडीतून पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात, घाटघरजवळ, माथ्यावर येते. सोपारा व कल्याण या बंदरांतील माल या वाटेने जुन्नरला व तेथून सातवाहनांच्या राजधानीस, गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानास (पैठण) जात असे. वाटेवरील दगडी पायऱ्या व कातळात खोदलेली पाण्याची टाकी या वाहतुकीची साक्ष देतात.

खिंडीजवळच्या लेण्यात सातवाहन राजा पहिला सातकर्णी याची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहे. तो सामान्यतः इ. स. पू. पहिल्या शतकातील मानला जातो. त्यात अश्वमेध, राजसूय आदी यज्ञांची व त्यांत दिलेल्या गायी, घोडे, गावे आणि कार्षापण नाण्यांच्या दक्षिणेची नोंद आहे. त्यातील संख्याचिन्हे भारतीय अंकांच्या इतिहासात फार महत्त्वाची ठरली आहेत. मागील भिंतीवर सिमुक, सातकर्णी, नागनिका इत्यादींच्या प्रतिमा होत्या. आज त्यांची नावे व पावलांचे अवशेष तेवढे उरले आहेत. भगवानलाल इंद्रजी व गेओर्ग ब्यूलर यांनी या लेखाचा सखोल अभ्यास केला. राजघराण्याने आपला गौरव राजधानीऐवजी रानातील वाटेवर कोरविला, यावरून या वाटेचे मोल लक्षात येते. माथ्यावरील दगडी रांजण जकात गोळा करण्याचा होता, असे परंपरा सांगते.

ही वाट ज्याच्या हाती, त्याच्या हाती व्यापार असे. ग्रीक भाषेतील पेरिप्लस या पहिल्या शतकातील ग्रंथात कल्याण बंदरावरील निर्बंधांचा व तेथे आलेली ग्रीक जहाजे भडोचला नेली जात असल्याचा उल्लेख आहे. क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा शके ४६ मधील लेख जुन्नरला आढळतो. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. १९०६ मध्ये जोगळटेंभी येथे सापडलेल्या निधीत नहपानाच्या नाण्यांवर त्याने पुन्हा उमटविलेले छाप दिसतात. जीवधन, चावंड, हडसर व शिवनेरी हे किल्ले याच मार्गाच्या परिसरात आहेत.

एकोणिसाव्या शतकात बोरघाटातून गाडीरस्ता व १८६३ मध्ये लोहमार्ग झाल्यावर मालाची वाहतूक तिकडे वळली आणि नाणेघाट पुन्हा रानाचा झाला. उतारांवर हिरडा, जांभूळ, अंजन व कारवी वाढते. उन्हाळ्याच्या तोंडाशी पळस, पांगारा व काटेसावर फुलतात. पावसाळ्यात तेरडा आणि त्यामागोमाग पिवळी सोनकी पठार झाकून टाकते. कारवी साधारणतः सात वर्षांनी एकदाच बहरते. जुन्नर परिसरात बिबट्या आढळतो. याच डोंगररांगेत दक्षिणेस भीमाशंकर अभयारण्य असून तेथील शेकरू प्रसिद्ध आहे. हिरडा गोळा करणे हे येथील महादेव कोळी कुटुंबांच्या उपजीविकेचे एक साधन आहे.

आता घाटमाथ्यापर्यंत मोटाररस्ता पोहोचला असून पावसाळ्यात तेथे मोठी गर्दी होते. व्यापार हटल्याने लाभलेल्या एकांताने लेख व रान ही दोन्ही बऱ्याच अंशी टिकली. तो एकांत सरल्यावर ती राखण्याचा भार येणाऱ्यांवर आला आहे.