मुन्शी कोणाचा?

अख्तरुज्जमान इलियास यांची ‘खोयाबनामा’ ही कादंबरी मी कोलकात्यात दोनदा एकट्यानं सुरू केली आणि दोन्हीदा अर्ध्यावर सोडली. तिसऱ्यांदा ती पुरी झाली, कारण आम्ही पाच जण ती एकत्र, मोठ्यानं वाचत होतो. दर शनिवारी संध्याकाळी, एक पावसाळा आणि एक हिवाळा.

ही कादंबरी 1996 साली ढाक्यात निघाली. त्याच वर्षी कोलकात्याचा आनंद पुरस्कार तिला मिळाला आणि जानेवारी 1997 मध्ये इलियास कर्करोगानं गेले. गोष्ट बोगरा भागातल्या कात्लाहार बिलाच्या काठची आहे. बिल म्हणजे मोठं पाणथळ तळं. तमिजचा बाप झोपेत चालत तिथं जातो आणि चिखलात उभा राहून आभाळातले ढग हाकलतो. काठच्या पाकुडाच्या झाडावर मुन्शी बसलेला असतो. कंपनीच्या शिपायांशी लढताना गोळी लागून मेलेला हा फकीर रात्री बिलावर राज्य करतो. त्याच्या हुकमानं गजार मासे मेंढ्या होऊन पोहतात.

एकट्यानं वाचताना मी पानोपानी एकच विचारत होतो : हे घडतंय, की तमिजचा बाप झोपेत आहे? उत्तर मिळेना आणि पुस्तक हातातून गळे. त्यात संवाद बोगऱ्याच्या बोलीतले. पण पहिल्याच शनिवारी कळलं की कोलकात्याचे बंगालीही तिथं अडखळतात. शब्द मोठ्यानं उच्चारावा लागे, मग कोणाला तरी आजीच्या तोंडी तो ऐकल्याचं आठवे.

मला आमच्या घरी श्रावणात लागणारी पोथी आठवली. एक जण ओवी वाची, दुसरा अर्थ सांगे आणि ऐकणारे मधेच आपल्या घरची गोष्ट काढत. ‘खोयाबनामा’ हे नावही अशाच एका पोथीचं आहे. कादंबरीतला चेराग अली फकीर आपल्या जीर्ण पुस्तकातून लोकांना स्वप्नांचे अर्थ सांगतो. स्वप्न एकाचं, पुस्तक दुसऱ्याचं. अर्थ दोघांच्या मधे कुठंतरी लागतो.

आमचंही तसंच झालं. मुन्शीमागचा इतिहास खरा आहे. 1770 च्या दुष्काळाच्या आगेमागे उत्तर बंगालात फकीर आणि संन्यासी कंपनीशी लढले. मजनू शाह हा फकिरांचा पुढारी, भवानी पाठक संन्याशांचा. बंकिमचंद्रांच्या ‘आनंदमठा’मुळे मराठी वाचकाला संन्यासी ठाऊक आहेत, फकीर नाहीत. इलियास यांच्या गावात मात्र दोघांच्याही आठवणी एकाच बिलाकाठी नांदतात, आणि 1947 जवळ येतं तशी त्यांची वाटणी सुरू होते. मुन्शी कोणाचा, हा प्रश्न तेव्हा भुताखेताचा राहत नाही.

खरी ठिणगी तेभागाच्या भागात पडली. 1946 च्या अखेरीस बंगालच्या बटाईदारांनी पिकाच्या अर्ध्याऐवजी दोन तृतीयांश वाटा मागितला. कोळ्याचा पोर असलेला तमिज शेती करू पाहतो, मजुरीला गेलेल्या मुलखात हे आंदोलन बघतो आणि तिथलं वारं गावी आणतो. आमच्यातल्या वयानं मोठ्या बाई, आम्ही त्यांना माशीमा म्हणत असू, वाचता वाचता थांबल्या. त्यांचं घर फाळणीनंतर त्याच बाजूनं आलेलं. त्या म्हणाल्या, “आमच्याकडे याला आंदोलन म्हणत नसत. ज्या साली धान लुटलं ते साल, असं म्हणत.” आमच्यातला सर्वांत लहान मुलगा बटाईदाराचा नातू होता. तो हळूच म्हणाला, “माशीमा, आमच्याकडे ज्या साली पोटभर जेवलो ते साल म्हणतात.”

बराच वेळ कोणी पान उलटलं नाही. मग माशीमा माझ्याकडे वळल्या. “आणि तुम्ही? तुमचे लोक तर आमच्या अंगाईत आहेत.”

शाळेत नागपूरकर भोसल्यांच्या बंगाल स्वाऱ्या मी दोन ओळींत शिकलो होतो : 1742 पासून मोहिमा, 1751 चा तह, सालीना बारा लाख चौथाई. इथं तेच बारगीर ‘बर्गी’ होऊन पाळण्यापाशी उभे आहेत. मूल झोपावं म्हणून त्यांचं नाव घेतात. त्यांच्या धास्तीनं इंग्रजांच्या कलकत्त्याभोवती मराठा खंदक खणला गेला. मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत, खंदकही अपुरा राहिला. पुढं त्याच्या रेषेवर सर्क्युलर रोड झाला. मी रोज त्या रस्त्यानं ये-जा करत होतो. मला जो हिशेबाचा आकडा होता, तो या घरातलं पाकुडावरचं भूत होता.

“आमच्याकडे तो विजय आहे,” मी खरं ते सांगितलं. माशीमा हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. “मग पुढं तुम्हीच वाचा,” म्हणाल्या. माझे उच्चार चुकत होते. बटाईदाराचा नातू ते दुरुस्त करत होता, आणि एक शब्द त्यालाही अडला तेव्हा अर्थ माशीमांनी सांगितला.

मुन्शी खरा की स्वप्नातला, हे शेवटच्या पानापर्यंत ठरलं नाही. नंतर 2021 मध्ये अरुणावा सिन्हा यांचं इंग्रजी भाषांतर आलं. ते मी एकट्यानं, न अडखळता वाचलं. वाचताना अनेक ठिकाणी मी आपोआप थांबत होतो. तिथं कोणीतरी काहीतरी बोललं होतं.