उघडं राहिलेलं दार

शाळेत दुसरं महायुद्ध शिकवताना ज्यूंच्या वाट्याला पुस्तकातल्या चार ओळी यायच्या. 'साठ लाख मारले गेले' एवढं फळ्यावर लिहून मी पुढच्या मुद्द्याकडे वळत असे. जे वाचले ते कसे वाचले, हे मुलांनी कधी विचारलं नाही, मलाही सुचलं नाही. निवृत्तीनंतर मायकेल ब्लुमेंथाल यांच्या कुटुंबाबद्दल वाचलं, तेव्हा ही चूक ध्यानात आली.

त्यांचा जन्म १९२६ चा, बर्लिनजवळच्या ओरानियनबुर्गचा. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीभर ज्यूंची दुकानं फोडली गेली, प्रार्थनास्थळं जाळली गेली. वडिलांना बुखेनवाल्डच्या छळछावणीत नेलं. देश सोडण्याची सोय दाखवली तर अशी माणसं सुटत. पण घेणार कोण? बहुतेक देशांची दारं बंद! आईनं घरातलं किडूकमिडूक विकून शांघायची तिकिटं मिळवली. वडील सुटले आणि १९३९ मध्ये आई-वडील व दोन मुलं बोटीत बसली.

शांघायच का? तर १९३७ च्या जपानी आक्रमणानंतर त्या बंदरात परवाने तपासायला कुणी उरलंच नव्हतं. म्हणजे हे दार दयेनं नव्हे, गोंधळामुळे उघडं राहिलं. त्यातून सुमारे सतरा-अठरा हजार ज्यू आत आले. त्यांना सुरुवातीला जिथे आसरा मिळाला, त्यातली एक इमारत व्हिक्टर ससून यांची होती. आपल्या मुंबईच्या डेव्हिड ससून यांचे हे पणतू.

१९४३ मध्ये जपान्यांनी या निर्वासितांना होंगक्यूच्या दाटीवाटीच्या वस्तीत कोंडलं. बाहेर पडायला पास लागे. युद्ध संपल्यावर, १९४७ मध्ये, ब्लुमेंथाल अमेरिकेत पोचले. पुढे १९७७ ते १९७९ ते तिथले अर्थमंत्री होते. आणि १९९७ मध्ये, ज्या बर्लिननं त्यांना घालवलं होतं, तिथल्याच ज्यू संग्रहालयाचे ते संचालक झाले. २००१ मध्ये ते संग्रहालय लोकांसाठी खुलं झालं.

मात्र मुलगा मंत्री झाला म्हणून त्याचं वाचणं सार्थकी लागलं, असं मी म्हणणार नाही. त्याच बोटीतून उतरलेल्या साध्या शिंप्याचा जीवही तेवढाच मोलाचा होता.

आता पुन्हा वर्गात उभा राहिलो, तर त्या आकड्याखाली एक प्रश्न नक्की लिहीन : दारं कुणी बंद केली होती?