दुसरी किल्ली

माणूस घर बंद करतो, तिजोरी बंद करतो, गाडी बंद करतो. या बंद करण्यासाठी आपल्या मराठीनं तीन दिशांनी शब्द आणले. 'कुलूप' मूळचं अरबी. तिकडचा 'कुफ्ल' आपल्या जिभेवर आला, अक्षरांनी जागा बदलल्या आणि कुलूप झालं. 'चावी' पोर्तुगिजांच्या गलबतांतून आली. 'किल्ली' मात्र घरची. कील म्हणजे खुंटी, खिळा, त्या कुळातली. अरबी कुलपात पोर्तुगीज चावी घालून आपण देशी दार उघडतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

पण आज मला बोलायचंय ते दुसऱ्या किल्लीबद्दल. पहिली किल्ली कुलपाबरोबर येतेच. दुसरी कोण करून देऊ शकतो, हा खरा प्रश्न आहे. माझ्या भाच्यानं सेकंडहँड गाडी घेतली. किल्ली एकच मिळाली. कोपऱ्यावरच्या चावीवाल्यानं कोरी किल्ली घेऊन दाते पाडले आणि दुसरी हातात ठेवली. दार उघडलं, किल्ली फिरलीही. इंजिन क्षणभर जागं झालं आणि बंद पडलं. मग अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारलं. आकडा ऐकून भाचा म्हणाला, "मामू, एवढ्यात तर गाडीचे चारही टायर नवे येतील!" लोखंडाच्या एवढ्याशा तुकड्याला एवढी किंमत का, याचं उत्तर शोधायचं तर इतिहासात थोडं मागं जावं लागतं.

प्राचीन इजिप्त आणि इराकच्या भूमीतली कुलपं लाकडाची होती. दाराच्या अडसरात भोकं असत आणि वरून लाकडी खुंट्या त्या भोकांत पडत. मग अडसर हलत नसे. किल्ली म्हणजे खुंट्या बसवलेली एक मोठी पट्टी. ती आत घालून वर उचलली की अडसरातल्या खुंट्या वर जात आणि दार मोकळं होई. या किल्ल्या एवढ्या मोठ्या असत की बायबलच्या जुन्या करारात किल्ली खांद्यावर ठेवल्याचा उल्लेख येतो. अशी किल्ली हरवली तर गावचा सुतार दुसरी करून देऊ शके. पुढं लोखंड आलं आणि ते काम लोहाराकडं गेलं.

आपल्याकडं हे काम करणाऱ्यांत शिकलगार आहेत. 'सैकल' म्हणजे शस्त्राला पाणी देऊन, घासून चकाकी आणणं. ते करणारा तो सैकलगार, म्हणजेच शिकलगार. शीख समाजात शिकलगार आहेत, महाराष्ट्रातल्या मुसलमानांतही हे आडनाव आहे. तलवारींचे दिवस गेले, तेव्हा त्यांच्यातले कित्येक जण सुऱ्या-कात्र्यांना धार लावू लागले, कुलपं दुरुस्त करू लागले, किल्ल्या करू लागले. खांद्यावर किल्ल्यांचा मोठा जुडगा छनछन वाजवत गल्लीतून जाणारा चावीवाला तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. एका कानशीवर त्याचं घर चालायचं.

दुसरी किल्ली खऱ्या अर्थानं स्वस्त झाली ती एकोणिसाव्या शतकात. अमेरिकेतल्या लायनस येल धाकटा या माणसानं १८६१ आणि १८६५ मध्ये आपल्या कुलपाची पेटंटं घेतली. कल्पना तीच, खुंट्यांची. पण लाकडाऐवजी धातूच्या बारीक खुंट्या आणि त्यावर स्प्रिंग. किल्ली एकदम लहान, चपटी, खिशात मावणारी झाली. चपट्या किल्लीची नक्कल यंत्रावर काढणं सोपं. आपल्याकडं अलीगढमध्ये १८७० मध्ये जॉन्सन आणि कंपनीनं कुलपांचा व्यापार सुरू केला आणि पुढं ते शहर कुलपांचं शहर म्हणून ओळखलं जाऊ लागलं. मुंबईत अर्देशिर गोदरेज यांनी वकिली सोडून १८९७ मध्ये लालबागला कुलपं बनवायला सुरुवात केली. त्यानंतरची शंभरेक वर्षं दुसरी किल्ली ही चहा-भज्यांच्या खर्चात होणारी गोष्ट होती.

मोटारीला तर सुरुवातीला किल्ली नव्हतीच. पुढं हँडल मारून इंजिन सुरू करायचं. १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीला विजेचा स्टार्टर बसला आणि हँडलचे कष्ट संपले. किल्ली आली ती विजेचा प्रवाह चालू-बंद करण्यासाठी. इंजिन सुरू करायला वेगळं बटण असे. किल्ली फिरवली की गाडी सुरू, ही आपल्या ओळखीची पद्धत क्रायस्लर कंपनीनं १९४९ मध्ये आणली. आपल्याकडच्या ॲम्बेसेडर आणि फियाटची किल्ली नुसती धातूची होती. रस्त्यावरचा कुणीही कारागीर तिची जोड करून देई.

अडचण अशी की, जे मालकाला सोपं होतं ते चोरालाही सोपं होतं. डॅशबोर्डाखालच्या दोन तारा जोडल्या की किल्लीची गरजच उरत नसे. म्हणून १९८६ च्या कॉर्व्हेट गाडीत अमेरिकेच्या जनरल मोटर्सनं एक युक्ती केली. किल्लीच्या पात्यात विजेला अडथळा करणारा एक छोटा तुकडा बसवला. असे एकूण पंधरा प्रकार होते. गाडी तो अडथळा मोजायची आणि जुळला तरच इंजिन सुरू होऊ द्यायची. पंधरा प्रकार म्हणजे फार नाहीत. जिद्दी चोर पंधरा वेळा प्रयत्न करू शकतो.

मग १९९० च्या दशकात आली चिप. मित्रहो, मी आकाशवाणीवरून बोलतोय आणि तुमच्या गाडीच्या किल्लीतही एक चिमुकली आकाशवाणी आहे, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. किल्लीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत काचेच्या नळीएवढी किंवा तांदळाच्या जाड दाण्याएवढी चिप असते. तिला स्वतःची बॅटरी नसते. किल्ली घालायच्या जागेभोवती तारेचं एक वेटोळं असतं. त्यातून अगदी जवळच्या पल्ल्याच्या रेडिओ लहरी निघतात, त्यांच्यावरच चिप क्षणभर जिवंत होते आणि आपली ओळख सांगते. गाडीतला संगणक ती ओळख आपल्या यादीत शोधतो. सापडली तर पेट्रोलला आणि ठिणगीला परवानगी. नाहीतर गाडी जागची हलत नाही. या व्यवस्थेचं नाव इमोबिलायझर. अलिबाबाच्या गुहेचंच हे तंत्र, फक्त परवलीचा शब्द तोंडानं उच्चारायचा नाही. नंतरच्या चिपा तर आणखी हुशार निघाल्या. तिथं गुहा दर वेळी वेगळा प्रश्न विचारते आणि चिपेला दर वेळी वेगळं उत्तर द्यावं लागतं.

शब्दाची किल्ली तशी जुनीच. अल-जझारी नावाच्या यंत्रकारानं १२०६ मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या ग्रंथात चार तबकड्यांवरची अक्षरं जुळवून उघडायच्या कुलपाचं वर्णन केलं आहे. पण तिथं शब्द मालकाच्या डोक्यात होता. आज तुमच्या गाडीचा शब्द तुम्हाला ठाऊक नसतो. तो गाडीत असतो, चिपेत असतो आणि कंपनीच्या दप्तरात असतो. कुठला नवा शब्द यादीत घालायचा, हे ठरवणारं यंत्र आणि त्याचा कोड ज्याच्याकडं, दुसरी किल्ली त्याच्या हातात. किंमत लोखंडाची नाही, ती या परवानगीची आहे.

चिपेचा उपयोग नाही असं कुणी समजू नये. युरोपीय संघानं १९९५ च्या आदेशानं ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा केला. ऑस्ट्रेलियानं २००१ मध्ये, कॅनडानं २००७ मध्ये तेच केलं. अमेरिकेत अशी सक्ती नव्हती. तिथं ह्युंदाई आणि किया यांच्या काही मॉडेलांत इमोबिलायझर नव्हता. २०२१-२२ मध्ये त्या गाड्या पळवायची रीत व्हिडिओंतून पोरासोरांपर्यंत पोचली आणि चोऱ्यांची लाट आली. तेव्हा कुलूप भक्कम हवंच.

पण भक्कमपणाच्या नावाखाली सगळं झाकून ठेवायचं का, हा वादही जुना आहे. लंडनमध्ये ब्रामा नावाच्या कारागिराच्या दुकानात एक कुलूप मांडून ठेवलं होतं. जो उघडेल त्याला दोनशे गिनी. १८५१ च्या महाप्रदर्शनासाठी आलेल्या हॉब्स या अमेरिकन माणसानं सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास खटपट करून ते उघडलं. लोक चिडले, अशा गोष्टी चव्हाट्यावर आणायच्या का, म्हणाले. चोरांना हे आधीच ठाऊक असतं, अज्ञानात राहतो तो सज्जन, असं दुसऱ्या बाजूचं म्हणणं पडलं. दीडशे वर्षांनी तोच प्रसंग. २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए प्रयोगशाळेच्या संशोधकांनी लाखो गाड्यांत वापरली जाणारी एक चिप फोडून दाखवली. २०१३ मध्ये दुसऱ्या एका चिपेवरचा निबंध फोक्सवॅगननं ब्रिटिश न्यायालयाकडून रोखून धरला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे गुपित राखून चोर अडतोच असं नाही. साधा मालक मात्र हमखास अडतो.

आपल्याकडं हा प्रश्न न्यायासनापुढं वेगळ्या रूपात आला. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगानं चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कारण असं की, सुटे भाग आणि दोष शोधायची यंत्रं त्या बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू देत नव्हत्या. कंपन्या अपिलात गेल्या, वाद लांबला. पण गाडी विकत घेतल्यावर ती कुणाकडून दुरुस्त करून घ्यायची हे ग्राहकानं ठरवायचं, हा मुद्दा सरकारी कागदावर आला. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. किल्ली हीसुद्धा दुरुस्तीच, नाही का?

यावर कंपन्यांचं उत्तर ठरलेलं असतं : कोड रस्त्यावर दिला तर चोराच्या हाती जाईल. भीती खोटी नाही. पण तिच्यावर उपाय निघालेले आहेत. अमेरिकेत किल्लीवाल्यांची नोंदवही आहे. पार्श्वभूमी तपासून कारागिराची नोंद होते आणि तो कोणत्या गाडीचा कोड कुणासाठी मागतो, हे लिहून ठेवावं लागतं. युरोपानंही २०२१ च्या नियमानं स्वतंत्र कारागिरांची पडताळणी करून त्यांना सुरक्षेची माहिती देण्याची वाट काढली. कारागिराला चोर मानण्याऐवजी त्याला नाव, पत्ता आणि जबाबदारी द्यायची, हे त्यातलं शहाणपण. मक्केतल्या काबागृहाच्या किल्लीची परंपराही हेच सांगते. इ.स. ६३० मध्ये मक्का जिंकल्यावर पैगंबरांनी ती किल्ली पूर्वीच्याच राखणदाराला परत दिली, असं इतिहासकार सांगतात. आजही ती त्याच शैबा घराण्याकडं आहे. किल्ली ही अमानत आहे. ती कुणाकडं आहे हे सर्वांना माहीत असणं, हीच तिची राखण.

कायदा व्हायचा तेव्हा होईल. तोवर दुसरी किल्ली परवडावी म्हणून काही गोष्टी पाळता येतात. किल्लीच्या खर्चाचे चार भाग असतात : पातं कापणं, चिप, रिमोटची बटणं आणि गाडीच्या यादीत नोंद. बटणांची हौस सोडली तर खर्च बराच उतरतो. गाडी चालायला चिप लागते, बटणं लागत नाहीत. बटणांचा सेल संपला तरी चिप आपलं काम करतेच. किल्ली गाडीत राहून दार बंद होण्याचीच भीती असेल, तर चिप नसलेली साधी किल्ली पुरे. ती दार उघडते, इंजिन सुरू करत नाही. नव्या गाडीबरोबर किल्लीच्या नंबराचा एक छोटा बिल्ला मिळतो. तो कागदपत्रांत जपून ठेवावा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, एक तरी किल्ली हातात असतानाच जोड करून घ्यावी. चालू किल्ली असली की पुष्कळ जुन्या चिपांची नक्कल बाजारातला यंत्रवाला चावीवालाही करू शकतो. सगळ्या हरवल्या की कोडच मागावा लागतो आणि काही गाड्यांत तर संगणकालाच हात घालावा लागतो. फोर्डनं १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या अनेक गाड्यांत एक सोय ठेवली होती : दोन चालू किल्ल्या एकामागून एक फिरवल्या की मालक तिसरी किल्ली स्वतःच यादीत घालू शके. ज्याच्याकडं दोन किल्ल्या तो मालक, असा साधा हिशेब. आपल्या विमा कंपन्याही गाडी चोरीला गेली की दोन्ही किल्ल्या मागतात. म्हणून जुनी गाडी घेताना दुसरी किल्ली मागून घ्या. नसेल तर किंमत कमी करून घ्या. आणि किल्ली हरवली असेल तर पोलिसांत नोंद करून हरवलेल्या चिपेचं नाव गाडीच्या यादीतून काढून टाका.

तुमच्या चौकातला चावीवाला आता कानशीबरोबर एक छोटं यंत्रही बाळगू लागला असेल. ते त्यानं कर्ज काढून घेतलेलं असतं आणि वापरायला तो आपलं आपण शिकलेला असतो. तलवारीकडून सुरीकडं, सुरीकडून किल्लीकडं आणि आता किल्लीकडून चिपेकडं अशी त्याच्या हातांची वाट आहे. त्याच्याकडं जाताना आपले कागद दाखवा, त्याचं नाव विचारा, त्याच्याकडून पावती मागा. विश्वास असाच दोन्हीकडून बांधला जातो. आणि घरात दुसरी किल्ली नेमकी कुठं आहे, तेवढं आज बघून ठेवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)