उंच छत आणि बुजवलेला झरोका



गेल्या मे महिन्यात आमच्या सोलापूरच्या जुन्या घरात सासूबाईंना भरदुपारी घेरी आली. वय 88. खोलीचं छत तेरा फूट उंच, वर पंखा फिरतोय, तरी आत भट्टी. डॉक्टर म्हणाले, "इथं हवाच खेळत नाही." मला पटेना. उंच छताचं घर थंड असतं, असंच आपण ऐकत आलो. मग जुनी घरं कशी होती ते समजून घ्यायला बसले, आणि चूक माझीच निघाली.

आपल्याकडची जुनी घरं माळवदाची. लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर, भिंती दगडमातीच्या, हात-दीड हात रुंद. ऊन आतपर्यंत पोचायला संध्याकाळ व्हायची. छताला एक भोक असे, त्याला सवणं म्हणत. त्यातून उजेड येई आणि चुलीचा धूर, तापलेली हवा बाहेर जाई. मोठ्या वाड्यांत हेच काम चौक करी. पुण्याचा विश्रामबाग वाडाही असाच चौकांभोवती बांधलेला आहे.

इंग्रजांनी आपले बंगले उंच छताचे बांधले, पण छतालगत लहान खिडक्याही ठेवल्या. खाली मोठा कापडी पंखा टांगलेला. त्याची दोरी व्हरांड्यात बसलेला गडी तासन्‌तास ओढी. साहेबाला वारा, गड्याला घाम!

पुढे 1880 च्या दशकात अमेरिकेत फिलिप डील यांनी विजेचा छतपंखा काढला. 1902 साली विलिस कॅरियर यांनी ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हवा कोरडी करणारं यंत्र आखलं. तेही माणसांसाठी नव्हे, दमट हवेत कागद फुगायचा म्हणून! त्यातूनच आजचा एसी आला. एसीला बंद खोली लागते, म्हणून घरोघरी झरोके बुजले.

आमचे मात्र एसीच्या आधीच बुजले होते. पारवे घरटी करायचे, अंडी खाली पडून फुटायची. जीवहिंसा नको म्हणून मीच गवंड्याला विटा लावायला सांगितलं होतं.

मी कॉमर्सची. जमा होत राहिली आणि खर्चाला वाटच नसली, तर शिल्लक साचत जाते. गरम हवेचंही तसंच. ती वर चढते, पण बाहेर पडायला जागा नसेल तर छताखाली साठून राहते. छताला चिकटलेला पंखा तीच खाली ढकलतो. पंखा हवा गार करत नाही, फक्त अंगावरचा घाम वाळवतो.

मग दोन्ही झरोके उघडले आणि बारीक जाळी बसवली, पारवेही सुरक्षित. पंख्याला लांब दांडी लावून तो जमिनीपासून नऊ फुटांवर आणला. सकाळी आठलाच खालच्या खिडक्या लावून जाड पडदे ओढते. सूर्यास्तानंतर बाहेर गारवा आला की त्या उघडते. मग खालून गार हवा आत येते, वरून गरम हवा निघून जाते.

या मेमध्ये सासूबाई दुपारी त्याच खोलीत जपमाळ घेऊन बसल्या. म्हणाल्या, "मी लग्न होऊन आले तेव्हा घरात पंखा नव्हता, पण वारा होता. आपले महाराज वायुकायिक जीवांच्या रक्षणासाठी आजही पंख्याशिवायच राहतात. मग झरोका बुजवून कसं चालेल?"

एसीची चौकशी करण्याआधी एकदा आपल्या भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात बघा. तिथं एखादी जुनी वाट बुजवलेली असेल.