गडावरचे गाव : पन्हाळ्याच्या वस्तीचा इतिहास

मराठी वाचकाला पन्हाळा बहुधा एका रात्रीपुरताच ठाऊक असतो. १६६० सालच्या जुलै महिन्यातील पावसाची रात्र, सिद्दी जौहरचा चार महिन्यांचा वेढा, पालखीत बसलेला शिवा काशीद, राजदिंडीतून उतरलेले महाराज आणि घोडखिंडीत उभा ठाकलेला बाजीप्रभू. कथा राजदिंडीतून बाहेर पडते, विशाळगडाकडे धावते आणि पुन्हा कधी पन्हाळ्याकडे वळून पाहत नाही. मागे उरलेल्या शिबंदीने त्यानंतरही गड काही काळ लढवला आणि त्याच वर्षी तो विजापूरकरांच्या हवाली करावा लागला, हे पाठ्यपुस्तकात क्वचितच येते. शाहिरांनी, कादंबरीकारांनी आणि चित्रपटकारांनी पन्हाळा ही 'निघून जाण्याची' जागा करून ठेवली आहे. तिथे राहणाऱ्यांचे काय, हा प्रश्न मराठी साहित्याने फारसा विचारलेला नाही. प्रस्तुत लेखात तोच विचारायचा आहे.

कारण पन्हाळ्यावर माणसे राहतात. २००१ च्या जनगणनेत ती ३,४५० होती, २०११ मध्ये ३,१२१. दहा वर्षांत सव्वातीनशेहून अधिक माणसे कमी झाली. एवढ्याशा वस्तीला नगरपालिका आहे आणि म्हणून जनगणनेच्या भाषेत पन्हाळा हे 'शहर' आहे. नगरपालिका असलेली वस्ती, लोकसंख्या कितीही असो, नागरी धरली जाते. नगरपालिका नसेल तर मात्र किमान पाच हजार लोकसंख्या, दाट वस्ती आणि शेतीबाहेर काम करणारे तीन चतुर्थांश पुरुष अशा अटी लागतात. या नियमाचा परिणाम गमतीचा आहे. पन्हाळा तालुक्यातलेच कोडोली पन्हाळ्याच्या कितीतरी पट मोठे. पण ते ग्रामपंचायतीचे गाव. अडीच लाखांहून अधिक लोकसंख्येच्या तालुक्याचे ठाणे मात्र तीन हजार माणसांच्या गडावर. सातबाऱ्याच्या कामासाठी खालचा शेतकरी आजही गड चढतो. ही रचना आजच्या प्रशासकीय सोयीतून निर्माण झालेली नव्हे. तिच्यामागे आठशे वर्षांचा संचय आहे.

आधी भूगोल. कोल्हापूरपासून वायव्येला सुमारे वीस किलोमीटरवर, सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून पूर्वेकडे सुटलेल्या एका फाट्यावर पन्हाळा वसलेला आहे. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे तीन हजार फूट. खाली काळा बेसॉल्ट आणि माथ्यावर तांबड्या जांभ्याची टोपी. जांभा पाणी मुरवतो, खालचा काळा दगड ते अडवतो. त्यामुळे अशा पठारांवर विहिरींना पाणी लागते आणि दोन थरांच्या सांध्यावर झरे फुटतात. राजगड किंवा तोरणा पाहिलेल्या माणसाला पन्हाळा किल्ला वाटतच नाही याचे कारण हेच. इथे माथा अरुंद नाही. तटाचा घेर सात किलोमीटरांहून अधिक आहे आणि आत तळी, बागा, मळे, रस्ते यांना ऐसपैस जागा आहे. सोमाळे तळे, सादोबाचे तळे, तीन मजली अंधारबाव ही नावे पर्यटकांच्या यादीत 'प्रेक्षणीय स्थळे' म्हणून येतात. वास्तविक ती या गावाची पाणीपुरवठा योजना होती. शत्रूने विहिरीत विष कालवू नये म्हणून विहिरीभोवती भिंती आणि पहारा असलेली अंधारबाव ही तर पाण्याची गढीच म्हणावी लागेल.

खालून कोकणात उतरणाऱ्या वाटा जातात. राजापूरच्या बंदरातला माल घाट चढून करवीर प्रांतात येई. १६६० च्या वेढ्यात राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन तोफा घेऊन जौहरच्या मदतीला आला आणि इंग्रजांचे निशाण लावून त्याने गडावर मारा केला, त्याला ही वाटच कारण. पुढच्या वर्षी महाराजांनी राजापूरची वखार लुटली, त्याचे एक मूळ पन्हाळ्याच्या तटाखाली आहे.

वस्तीचा लिखित पुरावा शिलाहारांपासून मिळतो. दुसरा भोज या राजाने ११९१-९२ च्या सुमारास येथे दरबार भरविला होता असे साताऱ्यात सापडलेल्या ताम्रपटावरून दिसते. पन्हाळ्याच्या नावाच्या व्युत्पत्तीची चर्चा मी येथे करणार नाही. पद्मनाल, पर्णाल, पन्नगालय अशी संस्कृत रूपे एकामागून एक पुढे येतात आणि प्रत्येक रूपाला एक आख्यायिका चिकटलेली आहे. शिलाहारांनंतर देवगिरीचे यादव, मग बहमनी, मग आदिलशाही. राजे बदलले तरी बांधकाम वाढत गेले. तीन दरवाजा, सज्जा कोठी, अंबरखाना हे सारे या काळाचे.

यांपैकी अंबरखान्यापाशी क्षणभर थांबावेसे वाटते. गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारांची नावे. त्यांतील गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावत असे म्हणतात. हा आकडा काटेकोर नसेलही, पण कोठीच्या पायऱ्या चढून आत डोकावणाऱ्याला एवढे नक्की कळते की हे धान्य मूठभर पहारेकऱ्यांसाठी नव्हते. ज्या काळची जनगणना उपलब्ध नाही, त्या काळासाठी कोठार हेच लोकसंख्येचे कागदपत्र. तसाच दुसरा कागद गडाच्या पायथ्याशी आहे. बुधवार पेठ, सोमवार पेठ, गुरुवार पेठ अशी वारांची नावे धारण करणारी गावे आज तिथे आहेत. पुण्याच्या पेठांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. पन्हाळ्याच्या पेठा मात्र बसच्या पाटीपुरत्या उरल्या.

१६७३ च्या मार्चमध्ये कोंडाजी फर्जंदाने साठ माणसांनिशी गड पुन्हा स्वराज्यात आणला. या घटनेवर जयराम पिंड्ये या कवीने 'पर्णालपर्वतग्रहणाख्यान' हे संस्कृत काव्य रचले. घटना ताजी असताना रचलेले हे काव्य इतिहासाचे विद्यार्थी साधन म्हणून वापरतात. आपले साहित्याचे विद्यार्थी ते काव्य आहे हेच विसरतात. महाराज आणि युवराज संभाजीराजे यांची अखेरची भेटही पन्हाळ्यावरचीच, १६८० च्या आरंभीची. त्यानंतर एप्रिलमध्ये महाराज रायगडी निवर्तले, तेव्हा संभाजीराजे पन्हाळ्यावरच होते. १७०१ मध्ये स्वतः औरंगजेब गडाखाली तळ देऊन बसला आणि त्याच तळावर सर विल्यम नॉरिस हा इंग्लंडचा वकील त्याच्या भेटीस आला. म्हणजे काही आठवड्यांपुरता का होईना, हिंदुस्थानचा दरबार पन्हाळ्याच्या पायथ्याशी भरला होता.

गावाच्या दृष्टीने खरा भरभराटीचा काळ त्यानंतरचा. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आला, सातारा आणि करवीर अशा दोन गाद्या झाल्या आणि १७१० पासून महाराणी ताराबाईंच्या राज्याची राजधानी पन्हाळा ठरली. १७८२ मध्ये ती कोल्हापुरास हलेपर्यंत सुमारे सत्तर वर्षे पन्हाळा हे राजधानीचे नगर होते.

एम. ए. च्या वर्गात आपण 'आज्ञापत्र' शिकवतो. रामचंद्रपंत अमात्यांचा हा ग्रंथ १७१५ चा, करवीरकर संभाजी महाराजांच्या कारकिर्दीतला. राजधानी पन्हाळ्यावर असताना तो सिद्ध झाला आणि अमात्यांची समाधीही पन्हाळ्यावरच आहे. त्यातील दुर्गप्रकरण आपण राजनीतीचा आणि गद्यशैलीचा नमुना म्हणून वाचतो. तेच प्रकरण एकदा पन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून वाचावे. गडावर एकच पाणवठा असून भागत नाही, राखीव टाकी हवीत. उपयोगी झाडे लावावीत. केरकचरा साठू देऊ नये, तो जाळून त्याची राख परसातल्या भाजीपाल्याला घालावी. हे लढाईचे शास्त्र नव्हे. हे गाव चालविण्याचे शास्त्र आहे. परसू आणि भाजीपाला म्हटले की घरे आली, घरात बायकामुले आली, चूल आली. अमात्यांच्या गद्याला जी प्रत्यक्षाची धार आहे, ती मला वाटते गडावर नांदती वस्ती रोज पाहणाऱ्या माणसाची आहे. केवळ ग्रंथ वाचून राखेचा उपयोग सुचत नाही.

आणि या गावाने मराठीला एक कवी दिला. मोरोपंतांचा जन्म १७२९ मध्ये पन्हाळ्यावर झाला. पराडकरांचे हे घराणे मूळचे कोकणातले. वडील रामजीपंत पन्हाळ्यावर होते. केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये या बंधूंपाशी मोरोपंतांचे संस्कृताचे अध्ययन झाले. वयाच्या विशीत, चोविसाव्या वर्षाच्या सुमारास, ते बारामतीस बाबूजी नाईकांच्या आश्रयास गेले आणि १७९४ मध्ये तिथेच वारले. वाङ्मयेतिहासांत हा मजकूर दोन ओळींत उरकतो आणि मार्गदर्शिकांत तर 'जन्म : पन्हाळा, कर्मभूमी : बारामती' एवढ्यावर. पण पंडिती परंपरेतला हा कवी काव्य, व्याकरण, अलंकार यांची सारी शिदोरी बांधून घेऊन बारामतीला गेला होता. ती जिथे बांधली गेली ते गाव केवळ शिबंदीचे असणे शक्य नाही. तिथे शास्त्री होते, पोथ्या होत्या, त्या पोथ्या उतरवून घेणारे हात होते, विद्यार्थ्याला दोन वेळचे जेवण घालणारी घरे होती. मोरोपंत पराशर गुहांत बसून रचना करीत, अशी गावाची परंपरा सांगते. ती खरी असो नसो, परंपरेला कवीसाठी गडावर एक जागा राखावीशी वाटली हे महत्त्वाचे. त्यांच्या नावाचे ग्रंथालय गावात आहे. मात्र तटबंदी पाहायला येणाऱ्या हजारोंपैकी किती जण त्याची पायरी चढतात, हे विचारण्यात अर्थ नाही.

राजधानी गेल्यानंतर राहिली ती गडकऱ्यांची वस्ती. वंशपरंपरेने गड राखायचा आणि त्या बदल्यात जमिनी खायच्या, ही त्यांची व्यवस्था. १८४४ मध्ये इंग्रजांच्या देखरेखीखाली कोल्हापूर संस्थानाचा कारभार पाहणाऱ्या दाजी पंडितांच्या काळात या जमिनी मामलेदारांच्या ताब्यात देण्याचे ठरले. बंडाची ठिणगी सामानगडावर पडली, भुदरगड पेटला. बंडवाल्यांनी साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हान्स याला पकडून पन्हाळ्यावर कैदेत ठेवले. १ डिसेंबर १८४४ रोजी इंग्रजी फौजेने गड घेतला. पुढे तटबंदी पाडण्यात आली. चार दरवाजाचे आज अवशेषच दिसतात. आपण दरवाजा पडल्याची हळहळ करतो. मला अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी मोडतोड. गड आणि गडावरचा माणूस यांच्यातले जमिनीचे नाते त्या वर्षी तुटले. त्यानंतरचा पन्हाळा म्हणजे कचेरीचे, हवा खाण्याचे आणि शाळांचे ठिकाण. दहा वर्षांनी, १८५४ मध्ये, मेजर ग्रॅहम याचा कोल्हापूर संस्थानावरील अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात इथली माणसे मोजण्याचा विषय झाली. विसाव्या शतकात बंगले आले. लता मंगेशकरांचा बंगला अनेकांना ठाऊक आहे. ताराबाईंच्या वाड्यात शाळा, कचेऱ्या आणि मुलांचे वसतिगृह नांदले.

२००१ च्या जनगणनेत पन्हाळ्यातील पुरुषांचे प्रमाण ५८ टक्के आणि स्त्रियांचे ४२ टक्के दिसते. एवढी तफावत पाहून दचकायला होते. पण निवासी शाळांतील मुलगे आणि बदलीवर आलेले नोकरदार यांचा त्यात मोठा वाटा असणार. म्हणजे साडेतीन हजारांतूनही पिढीजात पन्हाळकर वेगळे काढले तर संख्या आणखी आटते. या वस्तीत हिंदू आहेत, मुसलमान आहेत. पीर शहादुद्दीन यांच्या दर्ग्याला 'सादोबा' हे नाव मिळाले आहे. विठोबा, खंडोबा, म्हसोबा यांच्या ओळीत एका पिराला बसविण्याचे हे काम कोणा सुधारकाने केलेले नाही, बोलीने केले.

जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत गडावर येणारा मुख्य रस्ता खचला आणि कित्येक महिने गावाचे व्यवहार अडले. वेढा पडल्यासारखीच ती स्थिती. फक्त शत्रू नव्हता. हॉटेले ओस पडली आणि आजाऱ्याला खाली न्यायचे कसे हा प्रश्न घरोघरी उभा राहिला. पुढे ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत पन्हाळा आहे. गडावर आनंद झाला, तशीच धास्तीही होती. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढील दोनशे मीटरांत परवानगी लागते, हा केंद्राचा कायदा २०१० पासून अधिक कडक झालेला आहे. ज्या गावाच्या चोहोबाजूंनी तट आणि मध्ये कोठारे, विहिरी, कमानी आहेत, तिथे शंभर मीटर कुठून मोजायचे? गळके छप्पर दुरुस्त करण्यासाठी ज्याला अर्ज करावा लागतो, त्याला वारसा हा शब्द थोडा निराळा ऐकू येतो. बाराही किल्ल्यांत तटाच्या आत नगरपालिका, तहसील कचेरी आणि शाळा असलेला किल्ला हा एकच, म्हणून रायगडाचे नियम इथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

२०२१ ची जनगणना झालीच नाही. ती आता २०२७ मध्ये पुरी व्हायची आहे. तेव्हा ३,१२१ या आकड्याचे काय झाले ते कळेल.