साच्यातून आलेला रंग

१९६४ साली कॅलिफोर्नियात ब्रूस मायर्सने फायबरग्लासची एक डून बग्गी बनवली: ‘मायर्स मँक्स’. हा माणूस आधी बोटी बनवायचा, त्यामुळे बोटीचीच पद्धत त्याने गाडीला लावली. साच्यात सगळ्यात आधी रंगीत रेझिनचा थर, म्हणजे जेलकोट. त्याच्यावर काचेचे तंतू आणि साधं रेझिन. वाळलं की साचा काढायचा. आधी घातलेला थर आता सगळ्यात बाहेर! वेगळा रंग मारायची गरजच नाही.

पण हा थर जेमतेम अर्धा मिलिमीटर. उन्हाने तो खडूसारखा पांढरट पडतो. कंपाउंडने घासलं की खालचा ताजा रंग दिसतो. म्हणजे चमक वाढते, थर मात्र कमी होतो. आणि याला अनडू नाही. फार घासलं तर थेट तंतूच दिसतात.

म्हणून आधी गाडी धुवा, मग सौम्य पॉलिश कोपऱ्यात लावून बघा. तेवढ्याने भागलं तर कंपाउंड नकोच. कडांवर जपून. शेवटी वॅक्स, आणि गाडी सावलीत.

मायर्सची पहिली बग्गी, ‘ओल्ड रेड’, २०१४ साली अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या नोंदवहीत गेली. जुनी फायबरग्लास गाडी घासताना एवढंच लक्षात ठेवा: फडक्यावर येतो तो नुसता मळ नसतो, साच्यातून आलेला मूळ रंगही असतो.